गाडीची झूल

मी झुली शिवते, बैलांच्या. परभणीजवळच्या झरी गावात रस्त्याला लागून आमचं दुकान आहे. नवरा शाळेचे ड्रेस शिवतो, मी ब्लाऊज शिवते आणि पोळ्याच्या आधी दोन महिने झुली. लाल मखमल, हिरवी किनार, कडेनं आरसे, कोपऱ्यांना गोंडे. वीस-बावीस वर्षं झाली. पोळ्याला वाजंत्री सुरू झाली, फटाके उडाले की बैल बुजतात, अंग झाडतात, उधळतात. त्यात झूल घसरून पायात आली तर गाव वर्षभर नाव ठेवतं, आणि बैलवाल्याच्या आधी शिवणाऱ्याला ठेवतं. माझी झूल आजवर एकदाही खाली पडलेली नाही. हे मी कुणी न विचारता सांगते, तसा माझा स्वभावच आहे.

दुसरं वेड म्हणजे मोटारींच्या शर्यती. हे ऐकून माणसं आधी माझ्याकडं बघतात, मग नवऱ्याकडं. तो खांदे उडवतो. लेकीनं तिचा जुना मोबाईल मला दिला होता, ब्लाऊजचे गळे बघायला. गळे बघता बघता एक दिवस त्यात गाड्या आल्या. मी मशीनवर बसलेली, पायाखाली पायडल, समोर गाडी वळणावर. ती वळली आणि माझा पाय आपोआप थांबला. तेव्हापासून जे लागलं ते लागलं. कोणती गाडी कुणाची, ओल्या रस्त्याला कोणतं टायर, सगळं तोंडपाठ. नवरा म्हणायचा, “तुला काय कळतंय त्यातलं?”

“डोळ्याचं पातं लवेपर्यंत चार चाकं बदलतात ते,” मी म्हणायची, “आन् तुमाला सुईत दोरा ओवायला अर्धा तास लागायलाय.”

शर्यतींचा नवा हंगाम सुरू व्हायच्या आधी परदेशात मोठा सोहळा करतात. स्टेज, धूर, दिवे. नवी गाडी कापडाखाली झाकलेली असते, चालवणारा येतो, कापड ओढतो, आणि लोक किंचाळतात. दरसाल मी तो सोहळा मोबाईलवर बघायची आणि त्या कापडाकडंच बघत राहायची. काय ते कापड! ना किनार, ना गोंडा. इतकी देखणी गाडी आणि वर गोधडी टाकल्यागत.

आता ती पोरगी. चारठाण्याच्या पुढच्या एका गावातला एक शेतकरी दर पोळ्याला माझ्याकडून झुली न्यायचा. त्याच्या गल्लीत आता सगळ्यांकडं ट्रॅक्टर आहेत, बैलजोडी फक्त ह्याच्याकडं. सोबत त्याची लेक यायची, सहा-सात वर्षांची. बाप मखमल बघायचा आणि ही माझ्या मशीनखाली घुसून पट्ट्यानं चाक कसं फिरतं ते बघायची. एकदा पट्टा काढूनच ठेवला. मी एक धपाटा घातला, तर म्हणाली, “थांबा काकू, लावून देते.” आणि दिला लावून. मग मी तिला मोबाईलवर गाड्या दाखवल्या. तेवढा गुन्हा माझा.

पुढं ती परभणीला आयटीआयला गेली, मोटार मेकॅनिक झाली, एका गॅरेजात लागली. ह्या आपल्या मुलखात मातीवरच्या मोटार शर्यती निघाल्या तेव्हा गॅरेजच्या मालकांनी एका जुन्या गाडीची मोडतोड करून शर्यतीची गाडी बनवली आणि चालवायला हिला बसवलं. अकरा नंबर. पहिल्या शर्यतीत शेवटून दुसरी आली. मोबाईलवर बघताना मी इतकी ओरडले की चार दिवस गिऱ्हाइकांशी खुणेनं बोलत होते.

तिच्या बापाला हे मुळीच पसंत नव्हतं. ओरडला असता तर बरं झालं असतं. ह्या माणसानं बोलणंच बंद केलं. पाच महिने. एकाच घरात राहून लेकीला काही सांगायचं तर बायकोमार्फत. “तिला म्हणावं जेवून घे.” आणि ती समोरच बसलेली. पोरगी माझ्याकडं येऊन रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “काकू, मी आबाला सांगितलंय, म्हणलं, परभणीला हंगामाचा सोहळा हाय, एकदा येऊन बघा. बघून तुमी न्हाई म्हणलात तर मी गाडीची चावी तुमच्या हातात देते, परत नाव काढत न्हाई.”

“आन् ते काय म्हणले?”

“आईला म्हणले, बघू म्हणावं.”

मला आधी तिचाच राग आला. असला शब्द द्यायचा असतो का कुठं? पण तिच्या बापाला मी ओळखत होते आणि तिलाही. दोघं एकाच मातीचे. दिला शब्द म्हणजे दिला. आता त्या एका दुपारवर पोरीचं सगळं लटकलं होतं.

तो बाजाराला आला की दुकानात टेकायचा. त्या आठवड्यातही टेकला. मी म्हणलं, “भाऊ, यायचं बरं का. माझ्या शेजारी बसा.”

“तुमीच बिघडवलं तिला, ताई,” तो म्हणाला. शांतपणे म्हणाला, म्हणून जास्त लागलं. “त्या मोबाईलवर तुमीच दाखवलं.”

“दाखवलं. मग? चोरी शिकवली का?”

“मान मोडली पोरीची तर?”

मी हातातलं कापड उगाच उलटंसुलटं करत राहिले. जाताना दारात थांबून म्हणाला, “येतो. शब्द दिलाय तिनं, बघायला तर पायजे.”

त्यानंतर दोनच दिवसांनी पोरगी आली, गाडीची मापं घेऊन. स्टेजवर गाडी झाकायला कापड हवं होतं. बाकीच्या टीम काळं कापड टाकणार होत्या. मी म्हणलं, टाकू दे. अकरा नंबरच्या अंगावर मी शिवलेली झूल जाईल. अकरा दिवस बसले. मखमल, किनार, दोन्ही बाजूंना आरशांनी काढलेला अकराचा आकडा, चारी कोपऱ्यांना लिंबाएवढे गोंडे. नवरा चष्मा कपाळावर सारून बघत होता.

“वशिंडाला भोक ठेवलं न्हाई ते?”

“तोंड बंद ठेवा.”

“आन् हे कसे कशाला? ओढून काढायचंय ना कापड?”

कसे म्हणजे कडेला शिवलेल्या बांधायच्या नाड्या. बैलाच्या पोटाखालून घेऊन त्या बांधतात. मी सहा जोड शिवले होते. खरं सांगते, त्यानं विचारेपर्यंत माझ्या ध्यानातही नव्हतं. हातानं शिवले, डोक्याला विचारलं नाही. पण कबूल कोण करणार? “झुलीला कसे नसतात का कुठं?” म्हणलं आणि घडी घालून टाकली.

सोहळ्याच्या दिवशी मी सकाळच्या गाडीनं परभणीला पोचले. शहराबाहेरचं मोकळं मैदान, एका अंगाला मोठं स्टेज, त्याच्यामागं टीमचे तंबू, समोर लोकांना बसायला पायऱ्या. स्टेजवर सिनेमाच्या पडद्याएवढा टीव्ही. हे सगळं मोबाईलमध्ये बघायला मान वाकडी करावी लागायची, आणि आता मी त्याच्या आत उभी! मला हसूच आवरेना. एका अनोळखी माणसाला म्हणलं, “लय भारी केलंय न्हाई?” तो “हो काकू” म्हणून लांब सरकला.

गाडीवर झूल टाकली आणि वारं सुटलं. मार्चमधलं वारं, धुळीनं भरलेलं. झूल एकदा उडाली, आम्ही धरून आणली. परत उडाली, परत आणली. गॅरेजचे मालक बेजार झाले. मग मीच पदर खोचला, जमिनीवर आडवी झाले आणि गाडीच्या पोटाखालून कसे ओढून घेऊन सहाच्या सहा गाठी मारल्या. साधी गाठ नाही, पोळ्याची गाठ. बैल जितकं ओढेल तितकी ती आवळत जाते. सोडायला शेंडा उलटा आत सारून पिळा द्यावा लागतो, आणि ते माहीत असावं लागतं.

“आपला नंबर पाचवा हाय,” मी मालकांना म्हणलं. “चौथा संपायच्या आत मी येऊन सोडते. तुमी हात लावू नका.”

“नक्की ना काकू?”

“अहो, मला सांगता व्हय?”

पायऱ्यांवर आले तर पोरीचा बाप आलेला. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, परीटघडीची टोपी, मांडीवर पिशवी. लग्नात मुलीकडचा माणूस बसतो तसा ताठ. मी शेजारी बसले. चार वाजता सुरू झालं.

पहिल्या गाडीचं इंजिन तापवलं ना, तो आवाज माझ्या छातीत शिरला. मोबाईलमध्ये तो डासासारखा वाटतो हो! इथं बसायची पायरी हलत होती, बांगड्या हलत होत्या. मी दोन्ही हात गालावर ठेवले आणि डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं मी नुसता आवाजाचा फोटो बघत होते म्हणायचं. काळं कापड निघालं, निळी गाडी, तिनं मैदानाला एक फेरी घेतली, मातीचा लोट उठला, सगळ्यांच्या तोंडात धूळ. मी उभी राहून शिट्टी मारली. मला शिट्टी मारता येते हे नवऱ्यालासुद्धा माहीत नाही.

दुसरी गाडी आली, तिसरी आली. मी शेजारी बसलेल्या त्या माणसाला समजावून सांगत होते, हे टायर बघा, हा आतला लोखंडी पिंजरा बघा, गाडी उलटली तरी माणसाला काही होत नाही. तो ऐकत होता की नाही देव जाणे. फक्त पिंजऱ्याचं सांगितलं तेव्हा म्हणाला, “परत सांगा.” मी परत सांगितलं.

चौथी गाडी तर लईच देखणी होती. मी इतकी रंगले होते की शेजारच्या कॉलेजच्या पोरींबरोबर नाचले. आणि तेवढ्यात निवेदक ओरडला, “आता येतेय गाडी नंबर अकरा!”

अगं बाई! गाठी!

स्टेजचा पडदा सरकला. धूर निघाला. माझी झूल मोठ्या टीव्हीवर दिसली, आरसे चमचम करायलेत, आणि लोकांनी असा आवाज केला की चार गाड्यांना मिळून झाला नव्हता. एका क्षणासाठी मला इतकं बरं वाटलं. मग पोरगी पुढं आली, हेल्मेट बगलेत, तिनं झुलीचं टोक धरलं आणि झोकात ओढलं.

झूल निघाली नाही. तिनं परत ओढलं. गाडी हलली, झूल नाही. मालक दुसऱ्या बाजूनं लागले. जितकं ओढतील तितक्या गाठी आवळणार, मला दिसत होतं, माझ्याच हातच्या त्या गाठी. लोक हसायला लागले. निवेदक म्हणाला, “गाडी लाजतेय वाटतं!” मैदानभर हशा. पोरीचा चेहरा त्या एवढ्या मोठ्या पडद्यावर, लालबुंद.

शेजारचा माणूस उठला. पिशवी काखेत मारली.

“भाऊ, थांबा, माझी चूक हाय ही, मी—”

“चार माणसांत हसू करून घ्यायला बोलावलं व्हय मला?” तो म्हणाला आणि पायऱ्या उतरायला लागला.

झालं, म्हणलं. पोरीचं संपलं, आणि मी संपवलं. बापाकडं धावू का गाडीकडं, मला कळेना. गाडीकडं धावले. कठड्यापाशी रखवालदारानं हात आडवा घातला.

“पास दाखवा बाई.”

“अरे पास काय मागतो, ती झूल माझी हाय!”

“पास न्हाई तर आत जाता येत न्हाई.”

“मेल्या, गाठ मी मारलीय, सोडणार कोण, तू?”

आमचं असं चालू असताना वर पडद्यावर मालक दिसले. त्यांच्या हातात पान्यांच्या पेटीतली पाती होती, पत्रा कापायची. त्यांनी कसा ताणून धरला आणि पाती लावायला वाकले.

“ए! कापू नको!”

असा आवाज मी पोरीच्या बापाचा वीस वर्षांत ऐकला नव्हता. तो फाटकापर्यंत गेला होता. तिथून वळला. “पाठीवरच्या झुलीला पातं लावतो व्हय रं? ठेव खाली!” आणि कठडा ओलांडून गेला सरळ आत. रखवालदार त्याला अडवायला वळला, तेवढ्यात मी घुसले. दोन्हीकडून गेला बिचारा.

मी पोचेपर्यंत तो गाडीपाशी आडवा झाला होता. परीटघडीचा सदरा, सगळा मातीत. पोरगी झुलीचं टोक हातात धरून उभी. त्यानं पहिली गाठ बोटांनी चाचपली, शेंडा आत सारला, पिळा दिला. सुटली. दुसरी. तिसरी. मग पलीकडं जाऊन उरलेल्या तीन. दर पोळ्याच्या संध्याकाळी, बैल घरी आणल्यावर, हीच गाठ त्यानं सोडलेली, माझ्याच कशांची. मी सांगायच्या आधीच त्याच्या बोटांना ती ओळखू आली. मी मदतीला वाकले तर म्हणाला, “सरा ताई, तुमी लय केलं.”

सगळ्या सुटल्यावर मालक झूल ओढायला आले, तर त्यानं हातानंच त्यांना थांबवलं. मागच्या अंगानं गेला, आणि बैलावरून काढतात तशी, शेपटीकडून हळूहळू पुढं दुमडत, झूल उचलली. खाली लागू दिली नाही. अकरा नंबर उघडी झाली, पिवळीधमक. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. हसणारे तेच, टाळ्या वाजवणारेही तेच. त्यानं लक्षच दिलं नाही. झूल खांद्यावर टाकून गाडीच्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला.

“डाव्या अंगाच्या चाकात हवा कमी हाय,” तो म्हणाला.

लेकीला म्हणाला. बायकोमार्फत नाही.

पोरगी त्याच्या शेजारी उकिडवी बसली. “मुद्दाम कमी ठेवलीय, आबा,” ती म्हणाली. “मातीत पकड बसती. वळताना ह्याच चाकावर भार येतो.”

त्यानं अंगठ्यानं टायर दाबून बघितलं. मग दुसरं चाक दाबून बघितलं. “असं व्हय,” म्हणाला.

पोरीनं हेल्मेट घातलं, गाडी सुरू केली. बाप मागं सरकला नाही, मीच त्याला दंडाला धरून ओढलं. ती गेली. पहिल्या वळणावर गाडीचं मागचं अंग असं फिरलं की मातीचा पडदाच उभा राहिला, पण ते तसंच फिरवतात, मला माहीत होतं. त्याला कुठं माहीत होतं? त्याची बोटं झुलीत रुतली होती. मी म्हणलं, “मुद्दाम फिरवलीय, भाऊ.” तो म्हणाला, “कळतंय मला.” काहीही कळत नव्हतं. मी मात्र दोन बोटं तोंडात घालून दुसरी शिट्टी मारली.

सहावी गाडी आम्ही कठड्याच्या आत उभं राहूनच बघितली. रखवालदार आमच्याकडं बघत होता पण जवळ आला नाही. पुढचा पूर्ण वेळ तो माणूस खाली बसला नाही, झूलही त्यानं खांद्यावरून काढली नाही.

उन्हं उतरली, लोक पांगले. आम्ही तंबूपाशी उभे होतो. मालकांनी मला चहा दिला, वर म्हणाले, “काकू, पुढच्या साली नाड्या नको.” मी चहाचा घोट घेतला, नाहीतर मी बोलले असते. तेवढ्यात पोरगी आली. तोंड मातीनं माखलेलं, फक्त डोळ्यांभोवती स्वच्छ. बापासमोर उभी राहिली आणि हात पुढं केला. हातावर चावी. त्या जुन्या गाडीला बटणबिटण काही नाही, चावीच आहे, साध्या तारेच्या कडीत अडकवलेली.

“बघितलं तुमी,” ती म्हणाली. “आता सांगा.”

त्यानं चावी घेतली.

मला वाटलं, ह्याच्या अंगावर ओरडावं, ती सगळी वर्षं बाहेर काढावी, ती मशीनखाली बसायची ते सांगावं. पोरगी हलली नाही. शब्द दिला होता तिनं. ओठ दाबून उभी राहिली.

त्यानं खांद्यावरची झूल पुढं घेतली, कोपऱ्यातला एक गोंडा मुठीत धरला आणि दातानं त्याचा दोरा तोडला. माझ्या अकरा दिवसांच्या झुलीचा गोंडा! पातं लावू नको म्हणून मैदानभर ओरडणारा हाच माणूस! मग त्यानं तो गोंडा चावीच्या कडीला बांधला. सावकाश, शेंडा आवळून, पोळ्याची गाठ. ओढून बघितली. आणि चावी लेकीच्या हातावर ठेवून तिची मूठ मिटवली.

“पडू देऊ नको,” म्हणाला.

ती रडली, मी रडले, मालक तंबूत गेले. तो टोपी काढून माती झटकत बसला.

झूल आता माझ्याकडंच असते, दर हंगामाला अकरा नंबरवर चढते. कसे मी उसवून टाकले. एका कोपऱ्याला गोंडा नाही, आणि नवरा अधूनमधून विचारतो की तिथं दुसरा का लावत नाही. मी त्याला सुईत दोरा ओवायला सांगते.